विस्तवाच्या पोटी पाणी

माणूस आजारी पडला की आजूबाजूचे लोक निदान एकदा तरी ‘डॉक्टरांना दाखवा’ असं म्हणतात. गाडी आजारी पडली की मात्र दिसेल तो पुरुष स्वतःच डॉक्टर होतो. त्यासाठी त्याच्याजवळ गाडी असलीच पाहिजे असं नाही. माझ्या पाहण्यातले सर्वांत ठाम निदान करणारे गृहस्थ उभा जन्म सायकलवरून कचेरीत गेले, आणि निवृत्त झाल्यावर ती सायकलही त्यांनी पुतण्याला देऊन टाकली.

या मंडळींचा खरा हंगाम म्हणजे पुण्यातले डिसेंबर-जानेवारी. सकाळच्या गारठ्यात गाडी सुरू केली की मागच्या नळीतून आधी पांढरी वाफ येते, मग नळी दोन-तीनदा खाकरते आणि टोकातून टपटप पाणी गळू लागतं. आमच्या सोसायटीत कुणाच्याही गाडीमागे असं ओलं दिसलं की पाच मिनिटांत तिथं परिसंवाद भरतो. तळमजल्यावरचे निवृत्त मामलेदार म्हणतात, “पंपवाल्यानं पाणी घातलंय. अहो, दुधात घालतात, मग पेट्रोलमध्ये घालायला त्याचा हात कुणी धरलाय?” दुसऱ्या मजल्यावरच्या तात्यांचा संशय गाडी धुणाऱ्या पोरावर. त्यानं नळीत पाइप सोडला असणार, कारण त्या पोराची नजरच तात्यांना पहिल्यापासून बरी वाटत नाही. तिसरे एक आहेत ते काहीच बोलत नाहीत. ते वाकतात, बोटानं पाणी टिपतात, हुंगतात, आणि ‘हेड गॅस्केट’ एवढे दोनच शब्द अशा आवाजात उच्चारतात की गाडीच्या मालकाला तिथंच खाली बसावंसं वाटावं.

पंपवाल्याची बाजू घ्यायची वेळ आयुष्यात फारशी येत नाही, पण इथं ती घेतली पाहिजे. पाणी पेट्रोलपेक्षा जड. ते टाकीच्या तळाशी जाऊन बसतं आणि इंजिनाकडे जाणारी नळीही तळातूनच ओढते. तेव्हा पेट्रोलमध्ये खरोखरच पाणी असेल तर गाडी मागून पाणी गाळत बसत नाही. ती आचके देते आणि बंद पडते. म्हणजे मामलेदारसाहेबांचा आरोपी या गुन्ह्यापुरता तरी निर्दोष सुटला.

हे पाणी बाहेरून कुणी घातलेलं नसून गाडीनंच केलेलं आहे, अशी शंका मात्र त्या परिसंवादात कुणाच्याही मनाला शिवत नाही. त्यात त्यांचा दोष नाही. इंजिनात जळतं ते पेट्रोल, आणि विस्तव व पाणी यांचं वैर आपल्याला पाळण्यापासून शिकवलेलं असतं. आग लागली की पाणी टाकायचं, ही सगळ्यांची समजूत. विस्तवाच्या पोटी पाणी जन्माला येतं असं कुणी सांगितलं तर मांजराला पिल्लं म्हणून उंदीर झाले असं ऐकल्यासारखं वाटतं. आणि गंमत अशी, की आमच्या सोसायटीतल्या परिसंवादात जे जे बोललं जातं ते जवळजवळ सगळं अडीचशे वर्षांपूर्वी युरोपातल्या थोर थोर विद्वानांनीही बोलून ठेवलेलं आहे.

त्या काळी पाणी हे मूलतत्त्व होतं. आपल्याकडे पाच महाभूतं, त्यांच्याकडे चार. आकाश तेवढं त्यांनी वगळलं होतं. मूलतत्त्व म्हणजे जे कशाचं बनलेलं नाही ते. त्यामुळे पाणी ‘तयार होतं’ असं म्हणणं म्हणजे एखाद्याच्या आजोबांना त्याच्या देखत जन्माला घालण्यासारखं होतं. फ्रान्समध्ये पिएर माकेर नावाचे मोठे रसायनशास्त्रज्ञ होते. १७७० नंतरच्या दशकात त्यांनी ‘पेटणारी हवा’ म्हणजे आजचा हायड्रोजन पेटवला आणि काजळी धरते का ते पाहण्यासाठी ज्योतीवर चिनी मातीची बशी धरली. बशी स्वच्छ पांढरी राहिली, पण तिच्यावर बारीक थेंब जमले. माकेर यांना ते थेंब अगदी शुद्ध पाण्यासारखे वाटले. त्यांनी तसं लिहून ठेवलं आणि ते पुढच्या कामाला लागले. रसायनशास्त्रातला एक सर्वांत मोठा शोध हातातल्या बशीत येऊन बसला होता आणि पाहुणा चहा पिऊन गेल्यावर आपण बशी विसळायला ठेवतो तशी त्यांनी ती ठेवून दिली.

१७८१ साली इंग्लंडात जॉन वॉर्लटायर आणि जोसेफ प्रीस्टली यांनी तोच प्रकार काचेच्या भांड्यात केला. पेटणारी हवा आणि साधी हवा एकत्र करून ठिणगी टाकली. धडाका झाला आणि काचेला आतून दव सुटलं. वॉर्लटायर यांनी विचार करून निदान केलं: साध्या हवेत मुळात ओल असतेच, ती बाहेर पडली. “हवा दमट आहे हो!” आमचे तात्या गाडी धुणारा पोरगा रजेवर असला की नेमकं हेच म्हणतात.

मग आले हेन्री कॅव्हेंडिश. हा मनुष्य इंग्लंडातल्या अतिश्रीमंतांपैकी एक आणि लाजाळू इतका की सांगून खरं वाटू नये. घरातल्या मोलकरणींशी बोलावं लागू नये म्हणून जेवणात काय हवं ते चिठ्ठीवर लिहून टेबलावर ठेवायचा, आणि एकदा जिन्यात मोलकरीण समोर आली म्हणून त्यानं मागच्या बाजूला दुसरा जिना बांधून घेतला असं सांगतात. अशा माणसाचा एक मोठा फायदा असतो. तो परिसंवादात भाग घेत नाही. मोजमाप करत बसतो. ‘हवा दमट’ हे उत्तर त्याला पटलं नाही. ओल होती तर किती होती, असं त्यानं विचारलं. त्यानं सुमारे आठ फूट लांब आणि पाऊण इंच व्यासाची काचेची नळी घेतली, तिच्या तोंडाशी पेटणारी हवा साध्या हवेबरोबर जाळत ठेवली आणि जळलेली हवा त्या थंड नळीतून जाऊ दिली. नळीत पाणी साठलं. १३५ ग्रेन, म्हणजे आपल्या हिशेबात पावणेनऊ ग्रॅम. कॅव्हेंडिशनं नोंद केली आहे की त्या पाण्याला चव नव्हती, वास नव्हता, आणि ते आटवलं तर खाली गाळ उरला नाही. चव नव्हती हे त्याला कसं कळलं याचा विचार करा. गाडीमागच्या थारोळ्यात बोट बुडवणारे आमचे हेड-गॅस्केटवाले फार तर हुंगतात.

एका टोकाला जाळ, पुढे लांब थंड नळी, आणि नळीत जमलेलं पाणी. मला विचाराल तर सगळ्या सायलेन्सरांची मूळ आजी ती आठ फुटांची काचेची नळी आहे. मोटारगाडी नंतर शंभर वर्षांनी आली एवढंच.

कॅव्हेंडिशनं हे लगेच छापलं असतं तर पुढची भाऊबंदकी टळली असती. पण काही प्रयोगांत त्याच्या पाण्याला आंबट चव येऊ लागली. ते आम्ल कुठून येतं हे शोधण्यात त्यानं आणखी दोन-अडीच वर्षं घालवली आणि हवेतल्या नायट्रोजनपासून नायट्रिक आम्ल होतं हे शोधून मगच, १७८४ च्या जानेवारीत, रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला. हे आंबट पाणी लक्षात ठेवा. आपल्या खिशाशी त्याचा पुढे संबंध येणार आहे.

दरम्यान १७८३ च्या एप्रिलात जेम्स वॉटनं, वाफेच्या इंजिनाच्या वॉटनंच, प्रीस्टलीला पत्र लिहून कळवलं होतं की पाणी हे मूलतत्त्व नसून ते दोन गोष्टींचं मिळून झालेलं आहे. जूनमध्ये कॅव्हेंडिशचा मदतनीस चार्ल्स ब्लॅग्डन पॅरिसला गेला आणि त्यानं तिथं लाव्हाझिएला ही बातमी सांगितली. लाव्हाझिएनं २४ जूनला लाप्लासला बरोबर घेऊन पाहुण्यांसमोर प्रयोग करून पाणी काढून दाखवलं आणि लगोलग अकादमीला कळवलंही. ब्लॅग्डनचं पुढे म्हणणं पडलं की बातमी कुणी दिली हे सांगताना लाव्हाझिएनं हात आखडता घेतला. त्यात छापखान्यानं निबंधांच्या तारखांत घोळ घातला. म्हणजे सातबाराच्या उताऱ्यावर तलाठ्यानं चुकीचं साल घालावं आणि तीन भावांच्या हाती तीन उतारे पडावेत, तसं झालं.

ज्यांचं भांडण त्यांनी ते फारसं केलंच नाही. कॅव्हेंडिश १७८५ साली बर्मिंगहॅमला जाऊन वॉटला भेटलासुद्धा. भांडले ते नंतरचे लोक. दोघेही जाऊन बरीच वर्षं लोटल्यावर फ्रान्सच्या आरागोनं वॉटच्या गौरवपर भाषणात शोधाचं श्रेय वॉटला दिलं. ते १८३९ मध्ये छापून येताच त्याच वर्षी ब्रिटिश असोसिएशनचे अध्यक्ष व्हर्नन हारकोर्ट यांनी कॅव्हेंडिशची बाजू मांडली. आणि तीही कुठं, तर वॉटच्या बर्मिंगहॅम गावी उभं राहून! पुढे १८५१ मध्ये कॅव्हेंडिशचं मोठं चरित्र निघालं, त्यातली कितीतरी पानं या पाण्याच्या खटल्यानं खाल्ली आहेत. पाण्यावरून भांडण म्हटलं की आपल्याला कालवा, पाटकरी, नळावरच्या बादल्या आठवतात. चमचा-दोन चमचे पाण्यावरून दोन राष्ट्रांतले विद्वान सत्तर वर्षं भांडल्याचं हे एकच उदाहरण मला ठाऊक आहे.

माझं मत विचाराल तर ज्यानं मोजलं त्याचं पाणी. पण नाव ठेवलं ते लाव्हाझिए आणि त्याच्या मित्रांनी. १७८७ मध्ये त्यांनी पेटणाऱ्या हवेला ‘हायड्रोजन’ म्हटलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ पाणी जन्माला घालणारा. आपल्या भाषेत कुणा जाणत्यानं त्याला ‘उद्जन’ हा शब्द केला. उद् म्हणजे उदक, आणि जन म्हणजे जन्म देणारा. शाळेत हा शब्द पाठ करताना त्याच्या पोटात एवढी मोठी गोष्ट आहे हे आम्हांला कुणी सांगितलं नाही. आम्हांला वाटायचं, ऑक्सिजनसारखं काहीतरी इंग्रजी बिघडवून ठेवलंय.

आता पेट्रोल म्हणजे काय, तर कार्बनच्या साखळ्या आणि त्यांना दोन्ही बाजूंनी लोंबकळणारा हा उद्जन, गर्दीच्या लोकलला माणसं लोंबकळतात तसा. इंजिनात ते जळतं तेव्हा कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि उद्जन आपल्या नावाला जागतो. किती पाणी होत असेल? मीही आधी चमचा-दोन चमचे धरून चाललो होतो. पण एक किलो पेट्रोल जळलं की सुमारे सव्वा किलो पाणी होतं! मुद्दलापेक्षा जास्त, कारण त्यातला प्राणवायू हवेतून फुकट मिळतो. लिटरच्या भाषेत सांगायचं तर एका लिटरमागे नऊशे ग्रॅमच्या आसपास. पुण्याहून मुंबईला जाताना दहा लिटर पेट्रोल लागलं तर नऊ लिटर पाणी आपण वाटेत शिंपडत गेलो. खंडाळ्याच्या घाटात एका रांगेत अडकलेल्या शेकडो गाड्या हॉर्न वाजवत असतात तेव्हा त्या सगळ्या मिळून एखाद्या लहानशा झऱ्याइतकं पाणी सोडत असतात. दिसत मात्र काहीच नाही, कारण ते वाफेच्या रूपात असतं.

दिसतं कधी, तर वाफेला थंड भिंत भेटली की. इंजिनातून जळका वायू निघतो तो कित्येकशे अंश तापलेला. पण रात्रभर गारठलेली लांबलचक लोखंडी नळी ओलांडून त्याला बाहेर पडायचं असतं. त्या वायूचं तापमान पन्नास-पंचावन्न अंश सेल्सिअसच्या खाली आलं की त्यातल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं. दहा-पंधरा मिनिटं गाडी दामटली की नळीच तापते, साठलेलं पाणी पुन्हा वाफ होऊन निघून जातं आणि गळणं थांबतं. गाडी बंद केल्यावर नळीत राहिलेली वाफ रात्री निवांत थंड होते. तिचं पाणी सकाळच्या परिसंवादाला तयार.

हा शोध मी घरात मोठ्या उत्साहानं सांगितला. सौ. भाजी निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, “हे मला रोज दिसतं. गार पाण्याचं पातेलं बाहेरून कोरडं पुसून गॅसवर ठेवलं तरी बुडाला घाम येतो आणि जरा तापलं की जातो. नवीन लग्न झालं तेव्हा मला वाटायचं तुमच्याकडची पातेली गळकी आहेत.” मायकेल फॅरेडेनं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६०-६१ च्या नाताळात मुलांना मेणबत्तीवर व्याख्यानं दिली, त्यात त्यानं बर्फ आणि मीठ भरलेलं भांडं मेणबत्तीच्या ज्योतीवर धरून त्याच्या बुडाला जमलेला थेंब दाखवला होता. तोच हा प्रयोग. स्वयंपाकघरात तो रोज दोन वेळा होतो, पण त्याचं व्याख्यान करायला तिथं कुणाला सवड नसते. मामलेदारांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “त्यात नवीन काय? तैत्तिरीय उपनिषदात पाणी अग्नीपासूनच झाल्याचं सांगितलंय.” सांगितलंय खरं. मग पंपवाल्यावर फिर्याद करायला ते कसे निघाले होते, हे मी वयाचा मान राखून विचारलं नाही.

नळी जुनी, पण तिच्यात पाणी तुंबायची सोय झाली ती सायलेन्सरमुळे. पहिल्या गाड्या तोफेसारख्या वाजत आणि रस्त्यावरचे घोडे उधळत. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या मिल्टन रीव्ह्ज नावाच्या माणसानं आवाज दाबणाऱ्या डब्याचं पेटंट १८९७ साली घेतलं. आवाज दाबायचा म्हणजे वायूला सरळ जाऊ द्यायचं नाही; त्याला कप्प्याकप्प्यांतून, भोकाभोकांतून, सरकारी कचेरीतल्या अर्जासारखं फिरवायचं. फिरता फिरता त्याचा जोर कमी होतो, तो थंडही होतो, आणि डब्याच्या तळाशी पाणी साठतं.

या टाकाऊ पाण्याच्या इतिहासात एक काळ असा आला की ते थेंबाथेंबानं गोळा करायला लोक धडपडले, आणि तेही आकाशात. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या आरमारानं सिगारच्या आकाराची अजस्र हवाई जहाजं उडवायला घेतली. जर्मन लोक त्यांत हायड्रोजन भरत, पण हायड्रोजन पेटतो. अमेरिकनांकडे हेलियम होता. तो पेटत नाही, पण तेव्हा इतका दुर्मीळ होता की १९२३ मध्ये ‘शेनान्डोआ’ हे पहिलं जहाज भरायला जगातल्या साठ्यातला बहुतेक सगळा हेलियम लागला. पुढच्या वर्षी ‘लॉस एंजेलिस’ हे दुसरं जहाज आलं तेव्हा पहिल्यातला काढून दुसऱ्यात भरावा लागला. घरात एकच कोट आणि दोन भावांना लग्नाला जायचं, असा प्रकार.

अडचण पुढे होती. उडता उडता पेट्रोल जळतं, जहाज हलकं होतं आणि वर वर जाऊ लागतं. त्याला खाली आणायचं तर थोडा वायू सोडून द्यावा लागतो. हायड्रोजन स्वस्त, जर्मन लोक तो खुशाल सोडत. हेलियम सोडणं म्हणजे पेटी उघडून नोटा उडवण्यासारखं. तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात आलं की शंभर किलो पेट्रोल जळलं तर सव्वाशे किलो पाणी होतं. ते इंजिनाच्या नळीतच थंड करून धरलं तर जहाजाचं वजन घटायचंच नाही! त्याप्रमाणे जळका वायू थंड करणारी यंत्रं बसवली. १९३१ च्या ‘ॲक्रन’ जहाजाची लांबी २३९ मीटर, इंजिनं आठ. त्याच्या चित्रांत अंगावर काळसर उभे पट्टे दिसतात ती ही पाणी धरायची यंत्रं. ज्या पाण्यावरून आमच्याकडे गाडी धुणाऱ्या पोराला बोलणी बसतात, त्याच्यासाठी तिथं एका राष्ट्रानं खजिना मोकळा केला होता. जर्मनांनी ‘ग्राफ झेपेलिन’साठी वेगळी युक्ती काढली. त्याच्या इंजिनांना त्यांनी जवळजवळ हवेइतकंच वजन असलेला वायू जाळायला दिला, म्हणजे जळला काय नि राहिला काय, वजनात फरक नाही.

या जहाजांचा शेवट काही हसण्यासारखा नाही. ‘शेनान्डोआ’ १९२५ च्या सप्टेंबरात ओहायोवरच्या वादळात तुटलं आणि चौदा माणसं गेली. ‘ॲक्रन’ ४ एप्रिल १९३३ च्या पहाटे वादळात सापडून न्यू जर्सीच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं. त्यावर ७६ माणसं होती, त्यांतली ७३ गेली. वजन सांभाळण्यासाठी थेंब थेंब पाणी साठवणारं ते जहाज अखेर पाण्यातच गेलं. जर्मनांचं ‘हिंडेनबर्ग’ हेलियमसाठी बांधलेलं होतं, पण अमेरिकेनं हेलियम दिला नाही म्हणून त्यात हायड्रोजन भरला, आणि ६ मे १९३७ रोजी ते लेकहर्स्टला उतरता उतरता पेटलं. अर्ध्या-पाऊण मिनिटात सगळं संपलं. जळून गेलेल्या त्या हायड्रोजनचं रसायनशास्त्राच्या नियमानं पाणीच झालं असणार. ते कुणाला दिसलं नाही, आणि आग विझवायला त्याचा काही उपयोगही नव्हता.

दुसऱ्या महायुद्धात हेच पाणी विमानांच्या जिवावर उठलं. फार उंचावर, कडक थंडीत, इंजिनाच्या धुरातल्या वाफेचे बर्फाचे कण होतात आणि विमानामागे पांढरी रेघ उमटते. निळ्या आभाळात खडूनं ओढल्यासारखी. खालच्या तोफवाल्यांना विमान शोधायची गरज उरत नसे. आपण लहानपणी गच्चीवरून ‘रॉकेट गेलं, रॉकेट गेलं’ म्हणून ओरडायचो ती ही रेघ, म्हणजे विमानाचा सायलेन्सर थंडीत गळतोय एवढंच.

जमिनीवर मात्र हे पाणी कुणाच्या जिवावर उठत नाही, खिशावर उठतं. कॅव्हेंडिशला लागलेली आंबट चव आठवते ना? हवेतला नायट्रोजन आणि इंधनातलं गंधक यांच्यामुळे आपल्या नळीतलं पाणीही किंचित आम्ल असतं. ते तळाशी बसून लोखंड आतून खातं. बाहेरून सायलेन्सर धडधाकट दिसतो आणि एके दिवशी खड्ड्यात आपटून गाडी ट्रॅक्टरसारखी वाजू लागते. यात सर्वांत जास्त मार बसतो तो गाडी जपणाऱ्यांना. आमचे एक शेजारी गाडी फक्त मंडईपर्यंत नेतात, एक किलोमीटर जायचं, एक यायचं. तेवढ्यात नळी तापतच नाही. रोजचं पाणी रोज साठतं, सुकत कधीच नाही. त्यांचा सायलेन्सर तीन वर्षांत चाळण झाला. समोरच्या वाड्यातला टॅक्सीवाला रोज शे-दोनशे किलोमीटर हाकतो, त्याचा अजून खणखणीत आहे. शेजाऱ्यांना मेकॅनिकनं सांगितलं, “साहेब, आठवड्यातनं एकदा गाडीला लांब फिरवून आणा.” डॉक्टरांनी त्यांना स्वतःलाही हेच सांगितलं होतं. आता दर रविवारी दोघे मिळून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जातात. चालते ती मात्र गाडीच.

बऱ्याच सायलेन्सरना तळाशी सुईच्या टोकाएवढं भोक ठेवलेलं असतं, पाणी झिरपून जावं म्हणून. याच शेजाऱ्यांनी नव्या सायलेन्सरचं ते भोक ‘कंपनीचा माल हल्ली असलाच’ म्हणत वेल्डिंगवाल्याकडून बुजवून घेतलं. दहा रुपये जास्त देऊन, पक्कं.

हेड-गॅस्केटवाल्यांवर अन्याय नको म्हणून सांगतो. त्यांचा रोग खोटा नाही, फक्त तो इतका सर्रास नाही. गाडी चांगली तापल्यावरही पांढरा धूर सुरूच राहिला, त्याला गोडसर वास आला आणि रेडिएटरचं पाणी रोज कमी होऊ लागलं, तर खरोखरच इंजिनातलं पाणी जाळात शिरतंय असं समजावं आणि मेकॅनिक गाठावा. थंडीतल्या सकाळी पाच-दहा मिनिटं गळून थांबणारं पाणी म्हणजे इंजिनात पेट्रोल नीट जळत असल्याची पावती.

हल्ली हे पाणी वाढतच चाललं आहे. आपल्याकडे १९९५ पासून चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागला. अर्धवट जळून निसटणारं इंधन तो पुरतं जाळतो आणि त्याचंही थोडं पाणी करतो. सीएनजी आला तो तर उद्जनानं ठासून भरलेला. एक किलो मिथेन जाळला की सव्वादोन किलो पाणी! थंडीत पहाटे स्टेशनवर रिक्षांची रांग पाहा, प्रत्येकीमागे ओला ठिपका असतो. हल्ली पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलवर या पाण्याचं खापर फोडायची नवी पद्धत पडली आहे. पण लिटरला लिटर तोलून पाहिलं तर इथेनॉलचं पाणीही जवळजवळ पेट्रोलइतकंच होतं. बिचारं इथेनॉल! परिसंवादाला एक नवा आरोपी मिळाला एवढंच.

आणि आता नुसत्या हायड्रोजनवर चालणारी गाडी आली आहे. आपले नागपूरचे नितीन गडकरी ३० मार्च २०२२ रोजी तशाच एका गाडीतून संसदेत गेले. तिच्यात जाळ नाही; हायड्रोजन आणि हवेतला प्राणवायू यांची गाठ घालून वीज काढायची आणि विजेवर गाडी चालवायची. मागच्या नळीतून धूर नाही, कर्बवायू नाही. येतं ते फक्त पाणी, एका किलो हायड्रोजनमागे नऊ किलो. टोयोटाची ‘मिराई’ नावाची ही गाडी जपानमध्ये २०१४ च्या डिसेंबरात विक्रीला आली, आणि तिच्यात चालवणाऱ्याच्या हाताशी ‘एचटूओ’ लिहिलेलं एक बटण दिलेलं आहे. ते दाबलं की नळीतलं साठलेलं पाणी एकदम बाहेर पडतं. गॅरेजची फरशी ओली होऊ नये म्हणून गाडी आत घेण्यापूर्वी बाहेरच ते दाबून घ्यायचं. रात्री झोपण्याआधी आपण लहान मुलांना उठवून मोरीकडे नेतो ना, तसं.